ठराव, तळे आणि जलसा

चळवळींच्या इतिहासाविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात एक समज पक्का बसला आहे. काय घडले ते कागदपत्रांना विचारावे. गाणी, जलसे, भिंतीवरची चित्रे आणि चित्रपट यांच्याकडे फार तर भावनेसाठी जावे, माहितीसाठी नव्हे. चर्चासत्रात हा समज सभ्य भाषेत ऐकू येतो, घरात बोलताना 'गाण्यातलं काय खरं धरायचं' अशा शब्दांत येतो. मोठ्या शहरांतल्या लढ्यांना त्याची फारशी झळ लागत नाही, कारण त्यांचे कागद ढिगाने पडलेले आहेत. झळ लागते ती लहान गावांच्या लढ्यांना. तिथे ज्यांनी मार खाल्ला, चुली बंद ठेवल्या, बहिष्कार सोसला, त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. कागदालाच साक्षीदार मानायचे ठरले तर ही माणसे साक्षीला उभीच राहत नाहीत.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. या समजाचे सर्वांत सबळ रूप चळवळीच्या विरोधकांकडून येत नाही, ते चळवळीच्या आस्थेवाईक अभ्यासकांकडून येते. ते म्हणतात: कलेला नायक लागतो. नायक आला की बाकीची माणसे गर्दी होतात. गर्दीला नावे नसतात. मग हजारोंनी केलेला लढा एका पुतळ्यात मावतो आणि विचाराची जागा पूजा घेते. शिवाय या धोक्याची सूचना खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच देऊन ठेवली आहे. १९४३ साली न्यायमूर्ती रानड्यांवर पुण्यात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेवर प्रहार केला आणि २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत बोलताना राजकारणातली भक्ती ही हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे, असे बजावले. मग त्यांच्याच चळवळीची आठवण भक्तिगीतांच्या आणि चरित्रपटांच्या हवाली कशी करायची?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. तरीही तो चुकीच्या जागी बसतो, असे माझे म्हणणे आहे. ते तपासण्यासाठी महाडपेक्षा चांगले गाव मला दिसत नाही. सावित्री नदीकाठचे हे तालुक्याचे गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. तिथला लढा कागदावर भरपूर नोंदलेला आहे आणि गाण्यांतही भरपूर आहे. दोन्ही साक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

आधी कागद पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी व्यवस्थेखाली असलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्याला अनुसरून ५ जानेवारी १९२४ला महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदाच्या हिशेबाने महाडचा प्रश्न त्या दिवशी सुटला. पुढची तीन वर्षे अस्पृश्यांपैकी कोणी त्या तळ्याकडे फिरकू शकले नाही. १९ मार्च १९२७ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली तेव्हा जमलेल्या प्रतिनिधींना प्यायला पाणी हवे होते. ते चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ठराव जिवंत होता, तळे भरलेले होते, आणि पाणी विकत घ्यावे लागत होते.

दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, परिषदेतली माणसे बाबासाहेबांबरोबर बाजारातून चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. नगरपालिकेचा ठराव त्या चालण्याने अंमलात आला. थोड्याच वेळात गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या निघाल्या. परतीच्या वाटेवर असलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांना झोडपले गेले. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. नंतर तळ्याची शुद्धी झाली, पंचगव्य मिसळलेल्या एकशे आठ घागरी पाण्यात ओतून. आणि बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला, ४ ऑगस्ट १९२७ला, नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव मागे घेतला.

यापुढचा कागद कोर्टाचा आहे. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, १२ डिसेंबरला, महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला. निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. अस्पृश्य जिंकले. पण कशाच्या जोरावर जिंकले? तळे खाजगी नाही, नगरपालिकेच्या मालकीचे आहे. आणि अस्पृश्यांना त्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. निकालाचा गाभा एवढाच आहे. माणसाला पाण्यापासून तोडणे अन्यायाचे आहे की नाही, या प्रश्नात कोर्टाला शिरावेच लागले नाही. वहिवाट पुरेशी जुनी ठरली असती तर याच कागदावर उलटा निकाल लिहिता आला असता. कायद्याच्या अभ्यासकाला हा निकाल मोलाचा आहे आणि मीही तो आदराने वाचतो. पण २० मार्चला तळ्यावर काय घडले याची आठवण म्हणून कोणी तो पुढे केला तर मी विचारीन, यात तहान कुठे आहे?

कागद खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. कागदाला जे विचारले जाते तेवढ्याचे तो उत्तर देतो, आणि विचारणारा नेहमी दफ्तरात बसलेला असतो. कोर्टाने मालकी विचारली, वहिवाट विचारली. पोलिसांनी कोणी कोणाला मारले ते विचारले. चाळीस रुपयांचे पाणी कोणाच्या घागरीतून आले, ते देताना घागर किती उंचावरून रिकामी केली, हे कोणी विचारले नाही.

महाडच्या लढ्यातल्या अशा गोष्टी टिकल्या त्या कोणाच्या तरी सांगण्यातून टिकल्या. परिषद भरवण्याची कल्पना ज्यांनी उचलून धरली आणि गावोगाव हिंडून माणसे गोळा केली ते रामचंद्र बाबाजी मोरे त्या वेळी चोवीस-पंचवीस वर्षांचे होते. त्यांनी पुढे लिहिलेल्या, अपुऱ्या राहिलेल्या आठवणींत महाडच्या बाजारातल्या एका चहाच्या दुकानाची हकीकत येते. बाजाराला आलेल्या अस्पृश्यांना दिवसभर पाण्याचा थेंब मिळत नसे, म्हणून ते दुकान निघाले आणि बघता बघता बैठकांची जागा झाले. मोरे ज्या भागात वावरले तो त्यांच्याही आधी जागा झालेला होता. दासगावला स्थायिक झालेले निवृत्त लष्करी शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांची १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते. म्हणजे १९२७च्या आधी तीन दशके या लहानशा गावात समान बसण्यावरून झगडा चाललेला होता. दिल्लीहून किंवा मुंबईहून महाडकडे पाहणाऱ्याला १९२७ ही सुरुवात वाटते. दासगावहून पाहणाऱ्याला ती मधली एक पायरी दिसते.

स्त्रियांचे तर विचारूच नका. २५ डिसेंबर १९२७च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, आणि परिषदेच्या मांडवाला हिंदूंपैकी कोणी जागा देईना म्हणून फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली होती. एवढे चरित्रांत येते. दोन दिवसांनी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. जातीची खूण पटवणारे लुगडे नेसणे सोडा, गळ्याहातांत भरलेले कथलाचे दागिने सोडा, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. त्या सभेतल्या बायांनी लगेच लुगड्याची ठेवण बदलली. परिषदेत साथ देणारे चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना नेसायला मदत केली. पोटऱ्या उघड्या ठेवणाऱ्या नेसण्यातून पायघोळ नेसण्यात जाणे हे माझ्या मते पाणी पिण्याइतकेच मोठे सत्याग्रही कृत्य होते. गावी परतल्यावर त्या नेसण्याची किंमत त्या बायांना एकट्याने मोजायची होती; तिथे परिषद नव्हती, मांडव नव्हता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी बसून मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. तोवर या स्त्रिया इतिहासात जवळजवळ नव्हत्याच. त्या दोघी दफ्तरखान्यात बसून राहिल्या असत्या तर त्या पुस्तकाचे एक पानही झाले नसते.

आता दुसरी साक्ष, गाण्याची. आंबेडकरी जलसा हा सत्यशोधक जलशाचा वारस. तमाशाचा साचा त्याने घेतला, डफ, ढोलकी आणि तुणतुणे घेतले, पण गण-गौळणीतली देवादिकांची वर्णने काढून तिथे शाळा, पाणवठा, मेलेल्या ढोराचे मांस, दारू, सावकार यांच्यावरचे संवाद आणले. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार नाशिककडून निघून गावोगाव, रात्रीच्या रात्री हे जलसे करत फिरले. 'आठवण जपणे' हा त्यांचा हेतू नव्हता. त्यांना बातमी पोचवायची होती. महाडात काय झाले, काळाराम मंदिराच्या दारात काय चालले आहे, हे ज्या वस्तीत वर्तमानपत्र येत नव्हते, आले तरी वाचणारे नव्हते, त्या वस्तीत जलशाने पोचवले. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ला 'बहिष्कृत भारत' सुरू केले ते महाडच्या पहिल्या परिषदेनंतर पंधराच दिवसांनी. म्हणजे कागदाची ताकद ते पुरी ओळखून होते. पण त्याच चळवळीने कागदाबरोबर जलसाही वापरला, कारण वाचणारा एक आणि ऐकणारे शंभर अशी त्या वेळची स्थिती होती.

जलशात आणखी एक गोष्ट घडत होती, जिच्याकडे पूर्वपक्षाचे लक्ष जात नाही. तळ्यावर जाऊन आलेली माणसे फार तर काही हजार. ज्यांनी तळे पाहिलेच नाही अशी लाखो माणसे जलशाच्या कनातीत बसून त्या पाण्याची मालक झाली. ठरावाने तळे खुले झाले नव्हते, चालत गेल्याने झाले. तसेच नोंदीने आठवण खुली होत नाही. कोणी तरी ती चारचौघांत उच्चारावी लागते, आणि ती उच्चारण्याचा आपल्याला हक्क आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे लागते. मेळ्यात, चौकात, लग्नाच्या मांडवात मोठ्याने गायलेले भीमगीत हे त्या हक्काचा रोजचा वापर आहे. त्याचे मोजमाप निव्वळ माहितीच्या काट्यावर करणे हा गाण्यावर अन्याय आहे. पुढे वामनदादा कर्डकांनी हे गाणे गावोगाव नेले. कॅसेटच्या काळात ते चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या वाटेवरच्या दुकानांतून घराघरांत गेले. त्या दुकानांतल्या पुस्तिकांकडे आणि गाण्यांकडे ज्ञानाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी शर्मिला रेगे यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञाने विद्यापीठात नेली, हे मराठी विद्वत्तेचे मोठे भाग्य.

जात्यावरच्या ओव्या तर याहून शांत साक्षीदार. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांत हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भीमरावाच्या ओव्याही आहेत. पहाटे दळणारी बाई देवाला, भावाला, लेकराला ज्या लयीत आठवत होती त्याच लयीत तिने त्याला बसवून घेतले. कोणत्याही समितीने तिला तसे सांगितले नव्हते. तिच्या ओवीत तारीख नाही, हे खरे. त्या तारखेनंतर तिच्या घरात काय बदलले ते मात्र तिच्या ओवीइतके नेमके मला कुठल्या अहवालात सापडलेले नाही.

आता आक्षेपाच्या मुळाशी जाऊ: कला नायक घडवते आणि माणसे पुसते. महाडच्या गाण्यांत मोरे क्वचित येतात. तळ्यावर जाण्याची सूचना परिषदेत पुढे आणणारे अनंतराव चित्रे येत नाहीत, नगराध्यक्ष असूनही पाठीशी उभे राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस येत नाहीत. हे वास्तव मी नाकारत नाही. पण ही माणसे गाण्याने पुसली असे म्हणायचे तर कागदाने त्यांना जपल्याचे दाखवावे लागेल. कागदी चरित्रांचे तोंडही नायकाकडेच होते. धनंजय कीर यांचे १९५४चे चरित्र असो की चांगदेव खैरमोडे यांचे अनेक खंडांचे प्रचंड काम असो, त्यांचा विषयच एका माणसाचे आयुष्य होता, आणि तो त्यांनी निष्ठेने पार पाडला. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, तेव्हा एका बाजूच्या इतिहासात ते अडचणीचे ठरले आणि दुसऱ्या बाजूच्या इतिहासात जातीचा लढा अडचणीचा ठरला. यात ढोलकीचा काय दोष? आनंद तेलतुंबडे यांचे महाडवरचे स्वतंत्र, सविस्तर पुस्तक आले ते २०१६ साली, घटनेला जवळपास नव्वद वर्षे होत आली तेव्हा. त्यात मोऱ्यांच्या आठवणींचा मोठा आधार आहे. तेव्हा 'कला विरुद्ध कागद' ही जोडीच मुळात चुकीची लावलेली आहे. खरा भेद आहे तो एका माणसाचे आयुष्य सांगणे आणि एका गावाचे आयुष्य सांगणे यांत. हा भेद कागदातही आहे आणि चित्रपटातही.

चित्रपटात तो स्पष्ट दिसतो. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० साली प्रदर्शित झाला. मामुट्टी यांनी त्या भूमिकेत घेतलेले कष्ट पडद्यावर दिसतात, आणि ज्या पिढीने बाबासाहेबांना पाहिले नव्हते तिला त्या चित्रपटाने एक चालता-बोलता माणूस दिला. पण कोलंबियापासून दीक्षाभूमीपर्यंतचा प्रवास तीन तासांत करायचा म्हटल्यावर महाडच्या वाट्याला काही मिनिटेच येणार. त्यात चहाचे दुकान कुठून यावे? चाळीस रुपयांचे पाणी कुठून यावे? याचा दोष मी त्या चित्रपटाला देत नाही. चरित्रपट हा प्रकारच असा आहे. त्याच्यावरून सगळ्या चित्रपटकलेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र मला मान्य नाही.

शेजारी आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' ठेवून पाहा. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी पुढची चौदा वर्षे कॅमेरा बंद केला नाही. चित्रपट २०११ साली पुरा झाला. त्यात कोर्टाची धिमी चाल आहे, वस्त्यांतली गाणी आहेत, तरुण शाहीर आहेत, मेलेल्यांच्या घरची माणसे आहेत. आणि घोगरे गाताना आज आपल्याला दिसतात, कारण पटवर्धन यांनी झोपडपट्टीवरच्या आपल्या १९८५च्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांना गाताना टिपून ठेवले होते. तेव्हा कोणाला ठाऊक होते की हा पुढे इतिहासाचा पुरावा होणार? गोळीबाराच्या चौकशीचे कागद आहेत, खटल्याचे कागद आहेत. घोगऱ्यांचा आवाज त्यांपैकी कशातच नाही. इथे चित्रपट कागदाची जागा घेत नाही, कागदाला जिथे कान नाहीत तिथे तो उभा राहतो. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर २०१७ साली आणि चैत्यभूमीवर २०२३ साली केलेले माहितीपटही याच वाटेने जातात: स्मारकाकडे पाठ करून, स्मारकाकडे चालत येणाऱ्या माणसांकडे कॅमेरा वळवतात.

कथापटालाही हे साधते, आणि तेही घटना न दाखवता. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) नायक जब्याच्या घरचे लोक मेलेले डुक्कर खांद्यावर टाकून शाळेच्या भिंतीजवळून जातात. भिंतीवर आंबेडकर आणि सावित्रीबाई रंगवलेल्या आहेत. एक शब्द बोलला जात नाही. त्या भिंतीने दिलेला शब्द आणि त्या खांद्यावरचे ओझे एकाच चौकटीत येते आणि आपण निरुत्तर होतो. पुतळे आणि भित्तिचित्रे पुजण्यासाठी आहेत असे मानणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे. कला भक्तीलाच प्रश्न विचारू शकते याचा यापेक्षा भक्कम दाखला मला माहीत नाही. बाबासाहेबांनी १९४९ला दिलेला इशारा इथे कलेनेच पाळला आहे.

चित्रांचेही तसेच. ओंजळीने पाणी पिणारे सुटाबुटातले बाबासाहेब, हे घरोघरी लागलेले चित्र छायाचित्र नाही, ते रंगवलेले आहे, आणि त्यात ते बहुधा एकटे किंवा सर्वांच्या पुढे, मोठे दिसतात. हे चित्र ज्याने भिंतीवर लावले त्याच्याकडून मी ते काढून घेणार नाही. त्याच्या आजोबाला ओंजळ करायलाही मनाई होती. पण त्याच घटनेकडे दुसऱ्या नजरेने पाहता येते, हे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी 'भीमायना'त २०११ साली दाखवले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी त्याची कथा लिहिली. पाणी, निवारा, प्रवास अशा विषयांभोवती ते पुस्तक रचले आहे. व्याम पतिपत्नींनी चित्रकथेच्या सरळ चौकोनी घरांत माणसांना कोंडायला नकार दिला. जिव्हाळ्याचे बोलणे त्यांनी पक्ष्याच्या आकारात लिहिले आणि जातीचे विष ओकणाऱ्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी लावली. नांगीच्या टोकाला लटकणारे ते शब्द पाहिले की शाळेत पाणी वरून ओतणाऱ्या शिपायाचे वाक्य कानाला नाही, अंगाला लागते. कागदावरच्या नोंदीत त्या वाक्याचे शब्द कदाचित मिळतील. त्याचा डंख तिथे उतरत नाही.

पूर्वपक्षाच्या हाती अजून एक दाखला आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण तो या विषयातला सर्वांत अवघड दाखला आहे. तो अमेरिकेतला आहे. तो इथे आणणे अप्रस्तुत नाही. स्वतः बाबासाहेबांनी १९४६ साली तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढच्या अर्जाची चौकशी केली होती. मिसिसिपी राज्यातल्या फिलाडेल्फिया या लहान गावाजवळ २१ जून १९६४ला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली. त्यावर १९८८ साली 'मिसिसिपी बर्निंग' हा हॉलिवूडचा चित्रपट आला. त्यात एफबीआयचे दोन गोरे अधिकारी नायक झाले आणि ज्यांनी तो लढा खरोखर लढला ते कृष्णवर्णीय लोक भेदरलेली गर्दी होऊन मागे राहिले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कॉरेटा किंग यांनी त्यावर उघड टीका केली, आणि ती रास्त होती. चित्रपट इतिहासाची वाट लावतो, याला यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

पण गोष्ट तिथे संपत नाही. एफबीआयची त्या खुनांवरची जाडजूड फाइल १९६४पासून होती. १९६७ला संघराज्याच्या कोर्टात कटाचा खटला चालला, सात जणांना शिक्षा झाल्या, पण मुख्य सूत्रधार एडगर रे किलन ज्युरीच्या मतभेदामुळे सुटला, आणि खुनाचा खटला मिसिसिपी राज्याने चालवलाच नाही. कागद होते आणि ते झोपलेले होते. १९८९ साली जेरी मिचेल नावाचा एक तरुण पत्रकार तोच सदोष चित्रपट पाहून बाहेर पडला आणि त्याला प्रश्न पडला की इतके सगळे ठाऊक असून कोणावर खुनाचा आरोप का नाही? त्याने राज्य सरकारची दडवलेली कागदपत्रे बाहेर काढायला सुरुवात केली. पुढे २००४ला त्या गावातल्या गोऱ्या, काळ्या आणि मूळनिवासी रहिवाशांनी एकत्र येऊन न्याय मागितला. २१ जून २००५ला, हत्येला एक्केचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, किलन दोषी ठरला. सदोष चित्रपटाची वाहवा करण्यासाठी मी हे सांगत नाही. झोपलेल्या कागदाला हलवायला बाहेरून कोणी तरी यावे लागते, आणि तिथे ते काम पडद्याने केले, हे सांगतो.

महाडच्या सत्याग्रहाला २०२७मध्ये शंभर वर्षे होतात. महाडात क्रांतिस्तंभ आहे, तळ्यावर पुतळा आहे, स्मारकाची इमारत आहे. १९-२० मार्चला आणि २५ डिसेंबरला लोक दुरून येतात. शताब्दीसाठी आणखी दगड आणि सिमेंट येईल, भाषणे होतील. माझी मागणी वेगळी आहे. दासगाव, लाडवली आणि महाडच्या आसपासच्या वस्त्यांत ज्यांच्या पणज्या त्या डिसेंबरात लुगडे बदलून घरी परतल्या त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन जायला हवे. जलशाची जी थोडी मंडळी अजून गातात त्यांचे संपूर्ण जलसे, निवडक गाणी नव्हेत, ध्वनिमुद्रित व्हायला हवेत, साथीदारांच्या नावांसह. जुलै २०२१च्या महापुरात महाडच्या घरांत आणि दुकानांत सावित्रीचे पाणी शिरले तेव्हा ट्रंकांतल्या कागदांचे, फोटोंचे काय होते ते कोकणात कोणाला सांगायला नको. म्हणून नगरपालिकेचे जुने ठराव आणि कोर्टाची फाइलही त्याच कामात टिपून घ्यावी. त्यांची गाण्यांशी काही दुश्मनी नाही.

आणि एक धोका आधीच बांधून ठेवला पाहिजे. अमेरिकन नागरी हक्कांच्या लढ्यावर हेन्री हॅम्प्टन यांनी केलेली 'आइज ऑन द प्राइज' ही चौदा भागांची मालिका १९८७ आणि १९९०मध्ये दाखवली गेली. नंतर तिच्यातल्या जुन्या दृश्यांच्या आणि गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली, पैसे भरायला कोणी नव्हते, आणि ज्यांचा तो लढा होता त्यांनाच ती मालिका वर्षानुवर्षे पाहता आली नाही. महाडात असे होऊ नये. जे चित्रित होईल त्याची एक पूर्ण प्रत महाडच्या सार्वजनिक वाचनालयात राहावी, ती पाहायला कोणाची परवानगी लागू नये, आणि गाणाऱ्याच्या व सांगणाऱ्याच्या घरच्यांचा त्यावरचा हक्क चित्रीकरण सुरू होण्यापूर्वी लेखी ठरावा.